मुलगा पसंत, घर नापसंत

आमच्या वऱ्हाडात सोयरीक जुळवताना मुलीला एकच गोष्ट विचारतात, मुलगा पसंत आहे का. घर पाहायचं काम बाप, काका आणि मामांचं. ते एका रविवारी भाड्याची गाडी करून जातात, नळ सोडून पाहतात, गच्चीवर चढतात, पोहे खातात आणि परतताना एकमेकांना सांगतात, घर चांगलं हाय. त्या घरातून रोज कामावर जायचं असतं मुलीला, पण ती काही त्या गाडीत नसते. ही पद्धत कुणी काढली मला माहीत नाही. ज्यानं काढली त्याला सकाळी उठून नोकरीवर पळायचं नव्हतं, एवढं नक्की.

मी अकोल्यात एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. लग्नाआधी राहायला बार्शीटाकळीला, आईवडिलांकडे. सकाळी एसटी मिळाली तर एसटी, नाही तर काळी-पिवळी जीप, आणि तीही भरून गेली तर ऑफिसात साहेबांचं वाकडं तोंड. याला आम्ही अप-डाऊन म्हणतो. आमच्याकडचे कितीतरी नोकरदार राहतात एका गावात आणि हजेरी लावतात दुसऱ्या गावात, आणि "अप-डाऊन करून राहिलो" असं इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं हवा खायला जातात. कंबर मोडते हो! पण ती मोडल्याचं सांगायचं नसतं, कारण समोरचाही अप-डाऊनच करत असतो.

"मग अकोल्यात खोली काहून नाही घेत?" असं मला शंभर जणांनी विचारलं. घेतली असती ना, शोधली होती. पहिला प्रश्न, "एकट्याच राहणार का?" दुसरा, "नॉनव्हेज?" तिसरा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नसे. "पूर्ण नाव काय म्हणालात?" असा तो फिरून यायचा. पूर्ण नाव सांगितलं की ती खोली नेमकी घरमालकाच्या पुतण्यासाठी ठेवलेली असायची. अकोल्यात इतके पुतणे शिकायला येतात याची मला तोवर कल्पना नव्हती. जिथं पुतण्या नव्हता तिथं भाडं असं की अर्धा पगार त्यातच जावा, आणि वर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. शेवटी मी हात टेकले आणि एसटीचा पास काढला.

तर अशात हे स्थळ आलं. मुलगा अमरावतीच्या एमआयडीसीत एका खाजगी कंपनीत सुपरवायझर. बोलायला कमी. पाहण्याच्या कार्यक्रमात सगळे पगार, शिक्षण, उंची विचारत असताना त्यानं मला एवढंच विचारलं, "सकाळचा डबा कोण करते तुमचा? तुम्हीच का?" मी म्हटलं, हो. तर म्हणाला, "मग उठता किती वाजता?" मी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. माझ्या सकाळबद्दल आजवर कोणीही विचारलं नव्हतं, खुद्द माझ्या बापानंही नाही. मला मुलगा तिथंच आवडला, खोटं कशाला बोलू.

अडचण घराची होती, आणि ती अडचण आहे हे माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं. त्याचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी अमरावतीत भाड्याच्या घरात काढली आणि निवृत्तीचा सगळा पैसा, वर पोराच्या नावावर कर्ज, असं करून बडनेऱ्याच्या पलीकडे बायपासला लागून एका लेआऊटमध्ये, म्हणजे शेत मोडून पाडलेल्या प्लॉटांच्या वसाहतीत, घर बांधलं. लेआऊटचं माहितीपत्रक ते मला पाहायला येतानाच घेऊन आले होते. चकचकीत कागद. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बडनेरा स्टेशन फक्त पाच मिनिटं.

आमच्या बाबांनी लगेच हिशोब केला. "बडनेऱ्याहून अकोला गाडीनं सव्वा तास. आणि स्टेशनपासून पाच मिनिटं. बार्शीटाकळीपेक्षा सोपं हाय तुले."

इथंच वऱ्हाडी माणूस फसतो. आम्ही अंतर मोजतो ते गाडीत बसल्यापासून गाडीतून उतरेपर्यंत. घरातून गाडीपर्यंत आणि गाडीतून टेबलापर्यंत माणूस हवेतून जातो असा सगळ्यांचा समज आहे. चांदूर रेल्वेहून अमरावतीला शिकवायला जाणारी माझी एक मैत्रीण सांगते, तिच्या घरचे म्हणतात अर्धा तास लागतो. ती घरातून निघते तेव्हा अंधार असतो.

मी बाबांना म्हटलं, "पाच मिनिटं कशानं? पायी, का विमानानं?"

"लिहिलं हाय ना."

"लिहायले काय जाते? मी स्वतः जाऊन पाहते."

झालं. घरात जणू कोणी फोडणीत पाणी ओतलं. आई म्हणाली, लोकं काय म्हणतीन. काका फोनवर म्हणाले, पोट्टी लय शिकली का असंच होते. बाबा तर खाटेवरून उठूनच बसले. "पोरीनं घर पाहाले जायाचं असते कुठं? आपण माणसं जाऊ ना, गाडी करून."

"तुम्ही गाडी करूनच जाल, म्हणून तर मी जाते म्हणते. मला तिथं रोज गाडी करून कोण सोडणार आहे? मी ऑफिसातून निघते, पॅसेंजर पकडते आणि जशी रोज जाईन तशी जाते. त्यांना आधी कळवायचं नाही. कळवलं की ते घ्यायला येतील."

बाबांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकटी जाशीन तं बरं दिसत नाही. मी येतो संग." माझ्या बापाचा राग असा असतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, अंधार पडायच्या आत पोचू म्हणून. ती रजा गाडीतच गेली, कारण दुपारची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका मालगाडीला वाट देत उभी राहिली आणि चहावाल्यांच्या दोन फेऱ्या होईपर्यंत हलली नाही. बाबा खिडकीशी बसून शेंगा खात होते आणि मजेत होते. "पाह्य, बसाले भेटलं का नाही," असं तीनदा म्हणाले.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. स्टेशनबाहेर ऑटोवाले ओरडत होते, राजापेठ, राजकमल, पंचवटी. सगळे अमरावतीकडे. मी लेआऊटचं नाव सांगितलं. त्याचं नाव होतं अमेरिकन सिटी. हो, असंच. पहिला ऑटोवाला हसला.

"ताई, अमेरिकेले कोणी जात नाही."

बाबा म्हणाले, "अरे, पाच मिनिटाचं तं हाय बाप्पा!"

"मंग पायीच जा ना काका."

दुसरा म्हणाला, स्पेशल करावा लागीन, येताना रिकामं यावं लागते. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांचा खिसा उघडा पाडला. अकोल्याहून इथवरच्या आमच्या दोघांच्या तिकिटापेक्षा तो कितीतरी जास्त होता. तिसऱ्यानं भाव कमी केला, पण बायपासच्या तोंडाशीच सोडीन म्हणाला, पुढं रस्ता खराब आहे. तिसऱ्याबरोबर गेलो. त्यानं बायपासच्या तोंडाशी सोडलं आणि बोट दाखवलं. तिकडं नुसतं तुरीचं शेत आणि त्याच्या पलीकडे लांब एक कमान.

आम्ही चालायला लागलो. अंगावरून ट्रक जायचा की बाबा मला धरून कडेला ओढायचे आणि माझी ओढणी तोंडावर यायची. कडेला चालायला जागाच नाही. मुरमाचे ढीग, त्यात काटेरी झुडपं, मध्येच उघडी नाली. रस्त्यावर दिव्याचा एक खांब नाही. मी मनात रोजची सकाळ लावून पाहत होते, हातात डबा, खांद्याला पर्स, पावसाळ्यात वर छत्री, आणि परत येताना हाच रस्ता, अंधारात. बाबा आता हिशोब करत नव्हते. घाम पुसत होते आणि मध्येच कोणाला तरी, बहुतेक त्या माहितीपत्रकाला, शिव्या देत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे कोणत्या घड्याळातले पाच मिनिटं होत?"

मला हसू यायला पाहिजे होतं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मुलगा आवडला होता ना मला! नसता आवडला तर काय, घरी जाऊन नाही म्हटलं असतं आणि झोपले असते.

कमानीजवळ पोचलो. कमानीवर सिमेंटची एक बाई मशाल धरून उभी केलेली. मशालीत कधीतरी बल्ब होता, आता नुसता होल्डर लोंबत होता. आणि कमानीच्या बाजूला, काय सांगू, एक बसस्टॉप! इतका सुंदर बसस्टॉप मी अकोल्यात पाहिला नाही, अमरावतीतही नाही. वर स्टीलचं छप्पर, खाली ग्रॅनाइटचा बाक, वेळापत्रक लावायला काचेची पेटी, तिच्यात कागद नाही. बाकाच्या एका टोकाला कोणीतरी ज्वारीच्या पापड्या वाळत घातलेल्या. दुसऱ्या टोकाला एक बाई बसलेली, मांडीवर पिशवी, नजर रस्त्याकडे. आम्ही जवळ गेलो तशी ती उठून उभी राहिली.

मुलाची आई होती.

"अवं माय! तू? आन पायी?" आणि मग बाबांकडे पाहून, "जय भीम, भाऊ. काही झालं का? घरी सगळं बरं हाय ना?"

मी सांगितलं, सगळं बरं आहे, मी फक्त कसं यावं लागेल ते पाहायला आले. मला वाटलं राग येईल. तिनं माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "बस आधी. पानी पे."

आम्ही तिघं त्या बाकावर बसलो. बाबांनी विचारलं, "बस कवा येते इथं?"

"येते म्हनते पुढच्या वर्षी. आमी राहाले आलो तवापासून पुढच्या वर्षीच येऊन राहिली."

"मंग तुमी कोनाची वाट पाहून राहिल्या?"

"कोनाची नाही," ती म्हणाली. "इथं बसलं का मानसं दिसते. घरात बसून काय करू? पोरगा सकाळी गाडी घेऊन जाते. ह्यायची स्कूटर हाय, पन ते मले मागं बसवून बाजारात न्याले कंटाळतेत. अमरावतीत होतो तवा विहार दोन गल्ल्या सोडून होता. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज दुपारी ग्रंथवाचनाले बाया जमत. भाजी घ्याले मीच जाऊ, दवाखान्यात मीच जाऊ. आता टिकली घ्याची तं पोराले सांगावं लागते."

मग ती आमच्या बाबांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात मला म्हणाली, "मी तुले ये म्हनू का नको म्हनू, मलेच समजून नाही राहिलं. पोरगा माहा चांगला हाय. पन तू नोकरी सोडू नको, बाई. इथं आली का सारे सोड म्हनतीन."

तेवढ्यात आतून स्कूटर आली. मुलाचे वडील. आम्हाला पाहून आधी गोंधळले, मग एकदम खूश झाले. त्यांनी बाबांना मागं बसवलं आणि आम्ही दोघी मागून चालत गेलो. आतले रस्ते रुंद आहेत, खरं सांगते, अकोल्याच्या मुख्य रस्त्याहून रुंद. दहा प्लॉटमागं एखादं घर. बाकी गवत, खांब आणि विकणे आहे असे फलक. मध्येच बाग म्हणून कुंपण घातलेलं, आत दोन बकऱ्या.

घर मात्र चांगलं होतं. मी खोटं बोलणार नाही. हवेशीर, स्वयंपाकघरात ओटा असा की पुन्हा पुन्हा हात फिरवावा वाटे. मुलाच्या वडिलांनी एकेक खोली दाखवली, प्रत्येक नळ स्वतः सोडून दाखवला. मुलगा तोवर कंपनीतून आला. आम्हाला पाहून त्यानं आधी विचारलं, "कसे आले तुम्ही?" बापानं विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

वडिलांचं सुरूच होतं. त्यांची मुलगी अमेरिकेत आहे, नवऱ्यासोबत. हे दोघं तिच्याकडे एक उन्हाळा राहून आले होते. "तितं असंच हाय, भाऊ. घराले घर लागून नाही. गोंगाट नाही. रस्ते हे एवढे. मी आलो आन हे लेआऊट पाह्यलं, म्हटलं, हे तं तेच! शहरात काय राहाचं? आमची मंडळी, म्हंजे पोराची माय, इथं रोज संध्याकाळी फिराले जाते. मस्त हवा. अमरावतीत कुठं फिरनं होते?"

मुलाच्या आईनं ट्रेमध्ये चहा आणला होता. ती म्हणाली, "तितं बी आमी काचातूनच रस्ता पाहो. जावई-पोरगी सकाळीच गाड्या घेऊन निंगत. शहरात घरभाडं परवडत नाही म्हनून लांब राहातेत, आन लांब राहातेत म्हनून दोघाले दोन गाड्या लागतेत. तिचा अर्धा पगार भाड्यात जाते, राहिलेला पेट्रोलात. फोनवर रोज रडते."

"तू थांब व," ते म्हणाले.

मग बाबांनी घसा साफ केला. आमच्याकडची पद्धत अशी की मुलीच्या बापानं इथं म्हणायचं, घर छान आहे, पुढचं ठरवू. बाबा माझ्याकडे पाहत होते. घामाच्या रेघा त्यांच्या कपाळावर अजून वाळल्या नव्हत्या.  मग मीच बोलले.

"मुलगा पसंत आहे, काका. घर नाही."



"घर नाही पसंत म्हंजे?" मुलाचे वडील म्हणाले. "लोकं मुलगा कसा का असेना, घर पाहून हो म्हनतेत! काय कमी हाय या घरात? दोन-दोन बाथरूम हाय!"

"घरात काही कमी नाही. घरापासून स्टेशनापर्यंत कमी आहे. मी हा रस्ता रोज दोनदा चालू शकत नाही. आणि नोकरी मी सोडणार नाही, ते आताच सांगते."

"तं बदली करून घे ना अमरावतीले."

"बदली काय भाजीवाल्याकडे मिळते का, काका?"

बाबांनी माझा हात दाबला. पण आता सुटले होते ते सुटले होते. मुलाचे वडील म्हणाले, स्कूटी घेऊन देतो. मी म्हटलं, या बायपासवर, पावसाळ्यात, रात्री, ट्रकांमधून? बरं, घेतली मी स्कूटी. मग आईंना पण घेऊन देणार का?

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तिले कायले पाहिजे? ते कुठं जाते?"

 मुलगा भिंतीपासून पुढं आला. "बाबा, आपण स्टेशनजवळ दोन खोल्या पाहू भाड्यानं. मी तिथून अमरावतीला जाईन, त्या अकोल्याला जातील."

मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. मग एकदम चढला. "स्वतःचं घर असताना भाड्यानं? जन्म गेला माहा घरमालकाचे बोल ऐकन्यात. खिळा ठोकाचा तं विचारा, पाहुना आला तं विचारा. आडनाव ऐकून चार-चार दारं बंद झालेले पाह्यले मी. म्हनून हे बांधलं. जिंदगीभराची कमाई घातली याच्यात. आन तुमी भाड्यानं राहासान? राहा! जा, राहा दोघं!"

त्या माणसाचा मला राग येत होता आणि त्याच वेळी तो बोलत होता त्यातला शब्दन् शब्द मला माहीत होता. मला अकोल्याच्या घरमालकांचे ते पुतणे आठवले. 

स्वयंपाकघराच्या दारात मुलाची आई उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून. ती नवऱ्याशी बोलली नाही. पोराकडे पाहून म्हणाली, "दोघाचं नको पाहू, बाप्पा. भाड्याचं पाहाशीन तं तिघाचं पाह्यजो. मले बी ने."

मुलाचे वडील खुर्चीत बसले. चहा तसाच राहिला. परत जाताना मुलानं बाबांना आणि मला आळीपाळीनं मोटरसायकलवर स्टेशनला सोडलं, आणि बाबांना पहिल्या फेरीत नेलं. गाडीत बाबा खिडकीशी बसले. मग म्हणाले, "तुह्या काकाले सांगू नको मी पायी गेलो म्हनून."

लग्न झालं. साधंच, पांढऱ्या साडीत, सासूबाईंच्या जुन्या विहाराच्या आवारात. बडनेऱ्यात स्टेशनपासून खरोखर पाच मिनिटांवर दोन खोल्या मिळाल्या, माडीवर, जुन्या. भाडं काही कमी नाही, आणि गाडी गेली की भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या वाजतात. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले. नवऱ्यानं त्यांनी विचारायच्या आधीच पूर्ण नाव सांगून टाकलं. त्यांनी फक्त मला विचारलं, "अकोल्याला कोणत्या गाडीनं जाता?" आणि किल्ली दिली.

सासूबाई आमच्यासोबत आल्या. पहिल्याच आठवड्यात मी कामावरून आले तर घराला कुलूप. मी खालच्या पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिले. अंधार पडता पडता त्या आल्या, हातात मेथीच्या दोन जुड्या. ऑटोत बसून एकट्याच विहारात जाऊन आल्या होत्या. "सगळ्या म्हने, तू मेली का होती इतके दिवस," असं सांगून अशा हसल्या की मला रागावताच आलं नाही.

सासरे हट्टानं अमेरिकन सिटीतच राहिले. एकटेच. कच्च्या पोळ्या करून खाल्ल्या, मग डब्यावर आले, मग एक दिवस गादीची वळकटी स्कूटरवर बांधून आमच्या माडीखाली उभे राहिले.  सासूबाईंनी ताट वाढलं.

आता आमचं असं आहे. जिंदगीभराची कमाई घातलेलं घर कुलपात, आणि आम्ही चौघं दोन खोल्यांत. हप्ताही भरतो, भाडंही भरतो. ते घर भाड्यानं द्यावं म्हटलं तर लोक येतात, ओट्यावरून हात फिरवतात, मग विचारतात स्टेशन किती लांब आहे. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. लोक निघून जातात. आणि आमच्या घरात आणि आमच्या भाड्याच्या खोल्यांत अंतर किती म्हणाल, तर एका सिटी बसचं. एक बस, जी सुरू झाली तर आम्ही चौघं उद्या सामान उचलू. एका बसपायी आम्ही दोन घरांचे पैसे भरतो! हे कोणाला सांगायला गेलं की म्हणतात, अहो पण तुमचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवरच आहे ना? तेव्हा मी कपाळाला हात लावते आणि उठून जाते.

रविवारी सासरे त्या घरी जातात. खिडक्या उघडतात, झाडतात, नळ सोडून पाहतात. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. त्या रविवारी नवरा त्यांना सोडून कंपनीत गेला, जास्तीची पाळी होती. दुपार कलल्यावर मला फोन आला. "मी स्टॉपवर बसलो हाय. कोनी घ्याले येते का?"

मी ऑटो स्पेशल केला. ऑटोवाल्यानं येताना रिकामं यावं लागते हे मला पुन्हा सांगितलं, आणि मी त्याला सांगितलं की येताना मीच बसणार आहे, गपचूप चल. पोचले तेव्हा सासरे त्या ग्रॅनाइटच्या बाकावर बसले होते, हिरवा चष्मा लावून, मांडीवर पिशवी घेऊन. मी येऊन उभी राहिले तरी त्यांना पटकन दिसलं नाही.

"बाबा, चला."

ते उठले नाहीत. "लय वेळचा बसलो," म्हणाले. "चार ट्रक गेले, बाकी एक मानूस नाही दिसला." मग त्यांनी बाकावर हात ठेवला, जिथं त्या दिवशी सासूबाई बसल्या होत्या तिथं. "तुही सासू रोज इथंच बसे का?"

"हो, बाबा."

ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. ते माझा हात धरून हळूहळू उठले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले तं वाटे, ते फिराले जाते."